आठ दिवस राहून पाहिलेलं घर

अनिताचा फोन आला तेव्हा सकुबाई ओसरीवर चिंचा फोडत बसली होती. हात चिकट, म्हणून तिनं फोन दोन बोटांत धरून कानाला टेकवला.

"आत्या, मी घर घेतेय. मुरबाडला."

सकुबाईला वाटलं, पोरगी परत येते आहे. अनिता तिच्या धाकट्या भावाची एकुलती मुलगी. हैद्राबादला मोठ्या इस्पितळात नर्स होऊन अकरा वर्षं झाली, लग्नही तिकडंच. सणाला यायची ती पाहुणीसारखी. सकुबाईनं चिंचेची पाटी पायानं बाजूला सारली.

"येतंस राहायला?"

"राहायला नाही गं. भाड्यानं द्यायला."

"राहायचं नाय तर घर कशाला घेतात?"

अनिता हसली. मग तिनं समजावून सांगितलं. हैद्राबादला घर घेणं त्या दोघांच्या आवाक्यातलं नव्हतं. मुरबाडला कंपन्या आहेत, कामाला येणाऱ्या माणसांना खोल्या लागतात. आज घेतलं की भाडं येत राहील, आणि नावावर आपल्या मुलखात चार भिंती होतील. फोनवर तिनं घर पाहिलंही होतं. शाम नावाच्या दलालानं पुढच्या दारापासून मागच्या मोरीपर्यंत फिरून दाखवलं होतं.

"मला रजा नाही आत्या. तू एकदा जाऊन बघून ये. तू हो म्हणालीस तर मी बयाणा देते. तू नाही म्हणालीस तर नाही."

फोन ठेवल्यावर सकुबाईनं पुन्हा चिंचा ओढल्या, पण हात चालेना. आयुष्यात तिनं घर कधी घेतलं नव्हतं. लग्न होऊन आली ते शहापूर तालुक्यातलं, भातसानगरच्या रस्त्यावरचं हे सासरचं घर आयतंच उभं होतं. पोरीनं रात्रपाळ्या करून जमवलेलं सगळं तिच्या एका 'हो'वर ठेवलं होतं. आपलं चुकलं तर पोरगी तोंडानं काही बोलणार नाही, हे तिला ठाऊक होतं, आणि न बोलण्याचंच जास्त भय होतं.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या एसटीनं किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला उतरली. शाम स्टँडवर मोटरसायकल घेऊन उभा होता. तिशीचा, पांढरा शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा.

"या आजी. बसाल ना मागं?"

"बैलाच्या पाठीवर बसलेय रे. तुझी गाडी काय पाडते मला?"

घर गावाबाहेर होतं, कंपन्यांकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. ओळीत तीन बैठी घरं, त्यातलं शेवटचं. दोन खोल्या, मोरी, पुढं पडवी, वर स्लॅब. भिंतींना नवा पिवळा रंग. मागं भाताची खाचरं, आता कोरडी. कुणी तरी भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून राब भाजला होता, त्याचा वास येत होता. सकुबाईनं तो वास पोटभर घेतला आणि मग रंगाकडं पाहिलं.

तिला तिचे बाबा आठवले. कोंडूबाबा. मुरबाडजवळच्या म्हसा गावी भरणाऱ्या बैलांच्या जत्रेत कोंडूबाबा आले म्हटल्यावर बैल विकणारे सावरून बसायचे. सकू आठ-नऊ वर्षांची होती तेव्हापासून त्यांचं बोट धरून जत्रेला जायची. पौषाची थंडी, घोंगड्यांचे ढीग, आणि रंगवलेल्या शिंगांचे बैल. बाबा शिंगांकडं बघतच नसत. "शिंगं रंगवलीत म्हणजे नजर तिथंच राहावी अशी कुणाची तरी इच्छा आहे," म्हणायचे. ते बैलाला बसवत, आणि तो उठतो कसा ते बघत. आणि एवढ्यावरही भागायचं नाही. बैल आवडला तर मालकाला सांगायचे, चार दिवस माझ्या गोठ्यात बांधतो. खातो का, रवंथ करतो का, शेजारच्याला मारतो का, बघतो. मग बोलू.

"आवडलं ना आजी?" शामनं विचारलं. "घाई करायला लागंल हां. रविवारी कल्याणची पार्टी येतेय."

"मालक कुठं असतो?"

"ठाण्याला. दिवाळीपासून रिकामं पडलंय. चावी माझ्याकडंच."

"मग आठ दिवस मी राहते इथं."

शामनं चष्मा काढला. "राहता म्हंजे?"

"म्हंजे जेवते, झोपते, न्हाते. राहते."

"आजी, घर असं ट्रायलवर कोण देत नाय हो!"

"बैल देतात. घराला काय शिंगं आहेत?"

शामनं ठाण्याला फोन लावला. बाजूला जाऊन बरंच बोलला, मध्ये मध्ये हात हवेत उडवत होता. परत आला तेव्हा हसत होता. "मालक म्हणाला, राहू दे म्हातारीला. रिकाम्या घरात दिवा तरी लागंल. पण आजी, कल्याणची पार्टी आली तर मी काय नाय करू शकत."

"ती आली तर तिला पण चहा पाजीन मी."

दोन दिवसांनी सकुबाई चटई, रॉकेलच्या स्टोव्हऐवजी भाच्याकडून मागून आणलेली छोटी गॅसची शेगडी, दोन हंडे, तांदूळ, सुकट आणि उरलेल्या चिंचा घेऊन राहायला आली. आल्या आल्या तिनं उंबऱ्याला हळदकुंकू लावलं. आपलं नाही, तरी उंबरा तो उंबराच.

पहिले दोन दिवस तिनं बाबांच्या नजरेनं घर तपासलं. भिंतींना कान लावला, खिळा ठोकून पाहिला, स्लॅबवर पाणी ओतून खाली छताकडं बघत उताणी पडून राहिली. ओल नव्हती. पश्चिमेची भिंत दुपारी तापायची, तेवढं एक. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, दुपारी अडीचला, अर्धा तास. तिनं दोन्ही हंडे, कळशी, बादली सगळं भरून घेतलं आणि वर पडवीही धुतली.

शेजारच्या घरात धोंडीबाई राहायची, सकुबाईच्याच वयाची. मुलगा-सून कामाला, ही घरात. दोघींचं पहिल्याच दुपारी मागच्या दारी पाणी भरताना जमलं.

"पाणी कसं आहे गो इथं?" सकुबाईनं विचारलं.

"एकदम फस्क्लास. टाइमाचं पक्कं. घड्याळ लावून घ्यावं."

"मग दिवाळीपासून घर रिकामं का? भाडोत्री टिकत नाय काय?"

"आजकालच्या पोरांचा जीव कुठं लागतो? चार महिने राहतात नि पळतात. शहरची हवा लागलीय सगळ्यांना." धोंडीबाईनं हंडा उचलून आत न्यायला घेतला. "तुझी भाची तरी बघ, हैद्राबादला जाऊन बसलीय."

सकुबाईनं आपला दुसरा हंडा नळाखाली सरकवला. पाण्याबद्दल तिनं मनात घराला एक गुण दिला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पडवीत बसून चिंचा फोडत असताना कंपनीतून सुटलेली माणसं रस्त्यानं चालली होती. त्यातली एक तरुण बाई थांबली. खांद्याला पिशवी, गळ्यात कंपनीचं कार्ड.

"आजी, हे घर उघडलं? भाड्यानं द्यायचंय काय?"

"बस तर खरी. कुठली तू?"

तिचं नाव काजल. ती आणि नवरा जैतू, दोघं एकाच कंपनीत पॅकिंगला. सकाळी आठला निघायचं, संध्याकाळी साडेपाचला परत. याच रस्त्यानं पुढं पत्र्याच्या एका खोलीत राहत होते. पत्रा असा तापायचा की संध्याकाळी आत पाऊल ठेवताना भट्टीत शिरल्यासारखं वाटायचं. मूळची सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतली.

"कुणाची गो तू?"

"माझी आजी होती ना, लहानी. तिला सगळे वळखायचे."

सकुबाईच्या हातातली चिंच हातातच राहिली. "लहानी? हिरडा घेऊन उतरायची ती? नाकात मोठी नथ नाही, बारीक चमकी, आणि डाव्या हाताला एक बोट कमी?"

"तीच! कोयत्यानं गेलं होतं."

साठ वर्षं झाली असतील. सकुबाईचं माहेर त्याच डोंगराच्या खाली. चैत्र-वैशाखात लहानी डोक्यावर राबासाठी पाल्याचे भारे घेऊन खाली यायची. सोबत पळसाच्या पानाचा द्रोण, त्यात करवंदं. मोठी माणसं भाऱ्याचं बोलत असायची आणि लहानी हळूच तो द्रोण सकूच्या ओच्यात ठेवायची. "कुनाला सांगू नको गो." त्या करवंदांचा चीक ओठांना लागून दिवसभर ओठ चिकटायचे. तशी करवंदं नंतर तिला कुणी दिली नाहीत. की तसे ओठच राहिले नाहीत, कोण जाणे.

त्या संध्याकाळी काजल तासभर बसली. दुसऱ्या दिवशी जैतूला घेऊन आली. जैतू कमी बोलणारा, पण त्यानं आल्या आल्या मोरीचा सैल झालेला नळ घट्ट करून दिला. सहाव्या दिवशी काजल आली तेव्हा तिच्या हातात पळसाचा द्रोण होता. वाडीवरून भाऊ आला होता, त्यानं आणलेली करवंदं.

सकुबाईला राहवलं नाही. तिनं काजलला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, आणि पदरात ओंजळभर तांदूळ नि नारळ घालून ओटी भरली.

"ये राहायला. हे घर तुझंच समज."

काजलनं वाकून नमस्कार केला. डोळ्यांत पाणी आलेलं तिनं पदरानं टिपलं. मग घरभर एकदा फिरली, मोरी पाहिली, ओट्यावरून हात फिरवला, आणि सहज विचारलं, "आजी, पाणी कधी येतं?"

"एक दिवसाआड. दुपारी अडीचला. टाइमाचं पक्कं."

काजल ओट्यापाशीच उभी राहिली. "अडीचला?"

"हो, अर्धा तास."

"मग आजी, आमी कधी भरायचं?"

सकुबाईला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं.

दोघंही आठला बाहेर. नळ कोरड्या घरात अर्धा तास वाहणार किंवा बंद राहणार, आणि ही पोरं साडेपाचला रिकाम्या हंड्यापुढं येऊन उभी राहणार. म्हणून भाडोत्री पळत होते. शहरची हवा नाही, काही नाही. धोंडीबाई घरात असते म्हणून तिला पाणी फस्क्लास. सकुबाईही घरातच बसून होती, म्हणून तिलाही. सहा दिवस बैल बांधून पाहिला खरा, पण बांधला तो म्हातारीच्या दाव्याला. नांगराला जुंपून पाहिलाच नाही.

"आमच्या पत्र्याच्या खोलीत निदान सकाळचं पाणी आहे," काजल हळू आवाजात म्हणाली. मग तिनं पदरातला नारळ पाहिला. "हा परत घेता काय, आजी?"

"ओटी परत घेतात काय गो? वेडी!" सकुबाई रागानंच बोलली. राग स्वतःवर होता.

काजल गेल्यावर ती उंबऱ्यावर बसून राहिली. घर आपलं नाही, भाचीचंही नाही, आणि आपण ओटी भरून शब्द देऊन बसलो. आता अनिताला हो म्हणावं तर पोरीच्या गळ्यात न टिकणाऱ्या भाडोत्र्यांचं घर. नाही म्हणावं तर लहानीच्या नातीला दिलेला शब्द खोटा. एक मन म्हणालं, पाण्याचं सांगूच नको. काजल कसंबसं भागवेल, धोंडीबाईला सांगू भरायला. पण धोंडीबाईचे गुडघे किती दिवस भरणार दुसऱ्याचं पाणी?

दुसरा दिवस पाण्याचा होता. सकुबाईनं मुद्दाम नळाची तोटी उघडून खाली हंडा ठेवला, कुलूप लावलं, आणि बरोब्बर आठला काजलच्या मागून रस्त्याला लागली. कंपनीच्या फाटकापर्यंत तिच्यासोबत गेली. मग मुरबाडच्या स्टँडवर जाऊन बसली. भजी खाल्ली, दोन चहा झाले, कंडक्टरनं तीनदा विचारलं, "मावशी, जायचंय कुठं?" तीनदा तिनं सांगितलं, "घरी. साडेपाचला."

साडेपाचला कुलूप उघडलं तर हंडा भरून वाहून मोरीतून मागच्या खाचरात पाण्याचा ओघळ गेला होता. घरात एक हंडा पाणी. दोन दिवस, दोन माणसं, एक हंडा.

तिनं भरलेल्या हंड्याकडं आणि ओल्या खाचराकडं बराच वेळ पाहिलं. आणि अचानक तिला मोरा आठवला.

मोरा बैल कोंडूबाबांनी म्हशालाच घेतला होता. उमदा, पण स्वस्त. बाबांनी विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारला, "खोड काय आहे ते सांग." तो माणूस खरा होता, त्यानं सांगितलं: हा जुंपला की मधेच बसतो, उठत नाही. बाबांनी तरी बैल आणला. आठवडाभर बघत राहिले, आणि त्यांच्या लक्षात आलं की मोरा डावीकडं जुंपला तरच बसतो. उजवीकडं जुंपून पाहिला. तो अकरा वर्षं चालला. बैलात काहीच कमी नव्हतं, बाजू चुकली होती.

पाणीही कमी नव्हतं. ते येतं तेव्हा घ्यायला कुणी नव्हतं, एवढंच.

तिनं अनिताला फोन लावला. गुणांच्या आधी खोड सांगितली, बाबा सांगत तशी. पाण्याची वेळ, पळालेले भाडोत्री, काजल, ओटी, नारळ, सगळं. ओटीचं सांगताना आवाज थोडा खाली गेला.

मग तिनं फोन कानाला घट्ट दाबला.

"रागावलीस काय गो?"

"नाही आत्या." अनिता हसतच होती बहुतेक. "मी इथं बसून फरशी किती छान आहे ते बघत होते. पाणी कधी येतं हे मी विचारलंच नव्हतं. मग घेऊ नको म्हणतेस?"

"तसं मी कुठं म्हटलं? जमिनीत एक टाकी बसवायची मोरीच्या मागं. नळ थेट टाकीत. वर तो गोळा असतो ना, पाणी भरलं की आपोआप नळ बंद करणारा? तो लावायचा. माणूस घरात असो नसो. पण टाकी मालकानं बसवायची, आणि मी स्वतः बघीन तेव्हाच तुझा बयाणा."

"कल्याणची पार्टी घेऊन टाकेल तोवर."

"ती पार्टी आठ दिवसांत चहाला नाय आली. मला वाटतं, ती शामच्या शर्टाच्या खिशातच राहते."

दुसऱ्या दिवशी शाम आला. सकुबाईनं त्याला पडवीत समोर बसवलं.

"टॉवेल आहे काय रे?"

"टॉवेल? कशाला?"

"दे तर."

शामनं गाडीच्या डिकीतून टॉवेल काढून दिला. तिनं तो स्वतःच्या हातावर टाकला आणि त्याचा हात खाली ओढला. म्हशाला बैलाचा सौदा असाच व्हायचा, फडक्याखाली, बोटांनी, आजूबाजूच्यांना कळू नये म्हणून. तिनं त्याची दोन बोटं दाबली. शाम अवघडून इकडंतिकडं बघू लागला. धोंडीबाई दारात येऊन तोंडाला पदर लावून हसत होती.

"आजी, मला काय कळंना. तोंडानं सांगा ना!"

"तुझ्या आजाला विचार, त्याला कळलं असतं," सकुबाई म्हणाली आणि टॉवेल काढला. "एक, टाकी मालकाची. दोन, बसल्यावर मी पुन्हा राहून बघणार. मालकाला सांग, खोड कळलीय आमाला. दिवाळीपासून घर का रिकामं आहे ते आता तू दुसऱ्या कुणापासून लपवू शकायचा नाहीस, कारण मी इथंच बसलेय चिंचा घेऊन. रस्त्यानं जाणाऱ्याला फुकट सांगीन."

शाम डोकं खाजवत हसला. "आजी, तुमी आमच्या धंद्यात का नाय आलात?"

"आले असते. पण मला कुणी बैलाच्या बाजारात बोलू दिलं नाय. नुसतं बघू दिलं."

हे ती हसून बोलली, तरी शामचं हसू ओसरलं आणि तो फोन काढून उठला.

मालकानं कुरकुर केली, पण आठवड्याभरात टाकी बसली. काळी, गळ्यापर्यंत मातीत पुरलेली, वर झाकण. सकुबाई पुन्हा चटई घेऊन आली. पाण्याच्या दिवशी तिनं आठला कुलूप लावलं आणि स्टँड गाठला. कंडक्टर ओळखीचा झाला होता. "काय मावशी, साडेपाच?" तिनं मान हलवली.

परतताना काजल आणि जैतू फाटकापाशी भेटले. तिघं मिळूनच घरी आली. सकुबाईनं कुलूप न काढता आधी मागं जाऊन टाकीचं झाकण उचललं. पाणी काठोकाठ, आणि त्यावर पांढरा गोळा शांत तरंगत होता. मागचं खाचर कोरडं ठणठणीत. एक थेंब वाया नव्हता.

काजलनं पाण्यात हात घातला. जैतू म्हणाला, "गार हाये," आणि हे त्याच्याकडून बरंच झालं.

सकुबाईनं तिथूनच हैद्राबादला फोन लावला. "हो," ती म्हणाली. नमस्कार नाही, खुशाली नाही. "अनिता, हो."

अनिता महिन्याभरानं आली, दोन दिवसांच्या रजेवर. मुरबाडला कागदांवर सह्या झाल्या, अंगठ्याचे ठसे झाले. आणि मग स्वतःच्या नावावर झालेलं घर तिनं पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं. सगळ्यांत आधी ती मोरीच्या मागं गेली आणि टाकीचं झाकण उचलून बघितलं. सकुबाई दारातून बघत होती. पोरगी रंगवलेल्या शिंगांकडं गेली नव्हती.

संध्याकाळी साडेपाचला काजल आणि जैतू दोन पेट्या, एक पंखा आणि गुंडाळलेली गादी घेऊन आले. अनितानं किल्ली पुढं केली, मग थांबली आणि ती आत्याच्या हातात दिली. सकुबाईनं ती काजलच्या हातावर ठेवली. काजलनं पिशवीतून नारळ काढून दाखवला. तोच, ओटीतला.

"फोडला नव्हता आजी. म्हटलं, घर मिळंल तेव्हा फोडू."

नारळ उंबऱ्यापाशी फुटला. धोंडीबाईनं खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून विचारलं, "पाणी कसं आहे मग?"

"फस्क्लास," सकुबाई म्हणाली.

एसटीची वेळ झाली तशी ती चटई गुंडाळू लागली. काजलनं तिच्या हातातून ती काढून घेतली आणि भिंतीच्या कडेला उभी करून ठेवली.

"राहू दे हितंच. करवंदं आली की याल तेव्हा लागंल."